सोलर जरूर लावा, पण आधी टाक्या झाका

प्रश्न: नमस्कार. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं (धातूच्या भागांवर कोरड्या रंगाची पूड मारून ती भट्टीत पक्की करण्याचं) युनिट आहे. वडिलांनंतर आता मीच सगळं बघते. सात टाक्यांची लाइन (डीग्रीझिंग म्हणजे तेल काढणं, पाणी, डीरस्टिंग म्हणजे ॲसिडने गंज काढणं, पाणी, फॉस्फेटिंग म्हणजे फॉस्फेटचा थर देणं, पाणी, पॅसिव्हेशन म्हणजे तो थर पक्का करणं), गॅसवरचा बॅच ओव्हन, पावडर मारायचे दोन बूथ आणि चौदा माणसं. महिन्याला साधारण ६५,००० चौरस फूट काम निघतं. वीज ९,००० युनिट, १९ किलोचे ६० सिलिंडर, जनरेटरला १५० लिटर डिझेल, पावडर ९०० किलो आणि पाणी रोज १२,००० लिटर लागतं. ज्या कंपनीकडून आमचं निम्मं काम येतं, तिने कार्बन, पाणी आणि कचरा यांची माहिती मागणारा चार पानी फॉर्म पाठवलाय. सोलरवाल्याने ३० किलोवॅटचं पंधरा लाखांचं कोटेशन दिलंय. आणखी एक जण थोडे पैसे घेऊन 'ग्रीन' सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणतोय. माझ्या हातात चार-पाच लाखच आहेत. नासर्डी नदी आमच्यापासून लांब नाही, तिच्यात आमच्यामुळे काही जाऊ नये असंही फार वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, सर्टिफिकेटवाल्याला आजच नाही सांगा. कंपनीला कागद नकोय, आकडे हवे आहेत. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाप्रमाणे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, द्यावा लागतो. त्यासाठी मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडेही माहिती मागू लागल्या आहेत. पुढच्या वर्षी हाच फॉर्म परत येईल आणि तेव्हा ते यंदाच्या आकड्यांशी ताडून बघतील. म्हणून पहिलं काम आकड्यांचं. तुम्ही पत्रात एवढं नीट लिहिलंय की बरंचसं गणित इथेच होतं.

विजेच्या एका युनिटमागे आपल्या ग्रिडवर साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. तुमचे ९,००० युनिट म्हणजे ६.३ टन. एलपीजीच्या एका किलोमागे ३ किलो. साठ सिलिंडरचे ११४० किलो होतात, म्हणजे ३.४ टन. डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, म्हणजे ०.४ टन. महिन्याची बेरीज १० टनांच्या आसपास. ६५,००० चौरस फूट म्हणजे ६,०४० चौरस मीटर. तर तुमचा आकडा झाला दर चौरस मीटर कोटिंगमागे साधारण १.७ किलो, आणि पाणी चौरस मीटरला ५० लिटरच्या वर. हे दोन आकडे ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवा. एकूण टनांकडे बघून फसायला होतं, कारण मंदीच्या महिन्यात ते आपोआप उतरतात. चौरस मीटरमागचा आकडा उतरला तरच काहीतरी सुधारलं.

आता सोलर. ३० किलोवॅटचा संच नाशिकच्या उन्हात वर्षाच्या सरासरीने किलोवॅटला रोज चार युनिट धरले तर महिन्याला ३,६०० युनिट देईल. चांगलीच गोष्ट आहे. पण तुमच्या ९,००० युनिटांपैकी किमान दोन हजार युनिट आज वाफेत आणि हवेत जात असावेत, आणि ते थांबवायला पंधरा लाख लागत नाहीत. आधी ते थांबवा, मग उरलेल्या गरजेच्या मापाने सोलर घ्या. संच लहान लागेल.

सगळ्यात सोपी चाचणी कॉम्प्रेसरची. जेवणाच्या सुट्टीत पावडर मारायच्या सगळ्या गन, क्लीनिंग नोझल, हवेवर चालणारे सिलिंडर बंद करा, पण कॉम्प्रेसर आणि लाइन चालू ठेवा. हवा कुणीच वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेतो (हवा भरू लागतो), कारण लाइन गळतेय. घड्याळ लावून लोडचे सेकंद आणि अनलोडचे सेकंद पाच-सहा वेळा लिहा. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर, एवढे टक्के हवा गळतीत जाते. लोड ४० आणि अनलोड ८० सेकंद आला तर ३३ टक्के. पंधरा एचपीचा, ६० सीएफएमचा (मिनिटाला ६० घनफूट हवा देणारा) स्क्रू कॉम्प्रेसर धरला तर हे २० सीएफएम झाले, म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या वर. दहा तास, सव्वीस दिवस धरले की नऊशेच्या वर युनिट. दहा टक्क्यांखाली आणणं सहज जमतं.

गळती मोठ्या पाइपात क्वचितच असते. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन आधी क्विक कपलर, एफआरएलचे (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा संच) वाडगे, गनकडे जाणाऱ्या पीयू पाइपांची टोकं आणि रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) ड्रेन बघा. ऑटो ड्रेन वाल्व्हमध्ये गंज आणि गाळ अडकला की तो अर्धवट उघडाच राहतो आणि दिवसभर फुसफुसत असतो, आणि गोंगाटात कुणाला ऐकू येत नाही. तो खोलून धुवा आणि आधी जाळीचा स्ट्रेनर बसवा. त्याच दिवशी प्रेशर बघा. पावडर गनला आणि बूथच्या पल्सिंगला (हवेच्या झटक्यांनी फिल्टर साफ करण्याला) साडेपाच-सहा बार पुरतं. कॉम्प्रेसर साडेसात-आठवर ठेवलेला असतो तो "शेवटच्या बूथला हवा कमी पडते" म्हणून, आणि ती कमी पडते गळतीमुळे किंवा तुंबलेल्या फिल्टरमुळे. एक बार खाली आणला की कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी उतरते. कॉम्प्रेसर ओव्हनच्या भिंतीला लागून असेल तर त्याच्या तोंडाशी बाहेरची हवा येईल असा डक्ट काढा. आत जाणारी हवा चार अंशांनी तापली की वीज साधारण एक टक्का जास्त लागते.

दुसरी जागा टाक्या. साठ अंशांवरच्या उघड्या टाकीचा दर चौरस मीटर पृष्ठभाग दोन ते तीन किलोवॅट उष्णता उडवत असतो, बहुतेक वाफेतून. डीग्रीझिंग आणि फॉस्फेटिंग मिळून तुमचा पृष्ठभाग चार चौरस मीटर धरू. म्हणजे दहा किलोवॅटचे हीटर नुसते हवा तापवतायत, महिन्याला अडीच हजार युनिट. यावर दोन उपाय, दोन्ही करा. पृष्ठभागावर पोकळ पॉलिप्रॉपिलीनचे गोळे सोडा. ते तरंगतात, जॉब (कोटिंग करायचे भाग) आत-बाहेर जाताना बाजूला होतात आणि परत मिटतात. हुकांमध्ये अडकून पुढच्या टाकीत जाऊ नयेत म्हणून ३८-४० मिलिमीटरचे घ्या, छोटे नको. रात्री आणि सुट्टीला वरून झाकण. दुसरा उपाय तापमानाचा. केमिकलवाल्याला ४०-४५ अंशांवर चालणाऱ्या डीग्रीझरचं सॅम्पल मागा. साठचे पंचेचाळीस झाले की त्या टाकीचा उष्णतेचा तोटा निम्म्याहून खाली येतो. इथे चूक होते ती अशी: नुसता थर्मोस्टॅट खाली करतात आणि केमिकल तेच ठेवतात. मग तेल सुटत नाही, फॉस्फेटचा थर डागाळतो आणि पावडर सोलून निघते. केमिकल बदलूनच तापमान उतरवा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत दर बॅचचा एक जॉब पाण्याने धुऊन उभा धरा. पाण्याचा पापुद्रा तीस सेकंद न फाटता पसरून राहिला तर तेल गेलं. थेंब-थेंब होऊन तुटला तर राहिलंय.

या दोन कामांत दोन हजारांच्या आसपास युनिट वाचायला हरकत नाही.

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या युनिटमध्ये सगळ्यात मोठी सुधारणा तिथेच शक्य आहे आणि नासर्डीचा प्रश्नही त्याच्याशी जोडलेला आहे. जॉब टाकीतून वर येतो तेव्हा अंगावर केमिकल घेऊन येतो. ते पुढच्या पाण्याच्या टाकीत विरघळतं आणि ते पाणी स्वच्छ ठेवायला आपण नळ चालू ठेवतो. एक लिटर ओढलेलं केमिकल पाचशे पट विरळ करायचं असेल तर एकाच टाकीत ५०० लिटर पाणी लागतं. तेच दोन टाक्यांत केलं, ताजं पाणी दुसऱ्या टाकीत सोडून त्याचा ओव्हरफ्लो पहिलीत घेतला, तर गणिताने २२-२३ लिटर पुरतं. प्रत्यक्षात पाणी नीट ढवळलं जात नाही, म्हणून ५० ते १०० धरा. तरीही पाचपट बचत.

तुमच्याकडे प्रत्येक केमिकलनंतर एकच पाण्याची टाकी आहे आणि तीन नवीन टाक्यांना शेडमध्ये जागा नसणार. मग असं करा. आज तिन्ही पाण्यांना तीन नळ आहेत. त्यातले दोन बंद करा. ताजं पाणी फक्त फॉस्फेटिंगनंतरच्या टाकीत सोडा. तिचा ओव्हरफ्लो पाइपाने डीरस्टिंगनंतरच्या टाकीत आणा आणि तिचा ओव्हरफ्लो डीग्रीझिंगनंतरच्या टाकीत. पाणी जॉबच्या उलट दिशेने चालेल. फॉस्फेटचं किंचित आम्लधर्मी पाणी ॲसिड धुवायला चालतं, आणि ॲसिडचं पाणी डीग्रीझरचा अल्कली उलट जास्त लवकर काढतं. पाणी एक तृतीयांशावर येतं. खर्च दीड इंची पाइप आणि टाक्यांच्या पातळीत चार-सहा इंचांचा उतार, किंवा उतार नसेल तर एक छोटा पॉलिप्रॉपिलीनचा पंप. ओव्हरफ्लोचा पाइप समोरच्या टाकीच्या तळाशी सोडा, वरच्या वर सोडलात तर आलेलं पाणी वरूनच निघून जाईल. लाइनमध्ये कधी फॉस्फेटिंगच्या आधी ॲक्टिव्हेशनची (पृष्ठभाग फॉस्फेटसाठी तयार करणारी) टाकी वाढवलीत, तर तिच्या आधीच्या धुण्याला स्वतंत्र स्वच्छ पाणी द्यावं लागेल, ही साखळी तिथे चालणार नाही.

एकच नवीन टाकी बसत असेल तर ती डीरस्टिंगनंतर बसवा. ॲसिड आणि लोह फॉस्फेटिंगच्या टाकीत जाणं हे तळाशी साचणाऱ्या गाळाचं एक मोठं कारण आहे. तो गाळ पुढे तुम्हालाच पैसे देऊन न्यायला लावायचा असतो.

नळ किती उघडा ठेवायचा हे माणसाच्या अंदाजावर सोडू नका. हातातला कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात किती क्षार आहेत ते दाखवणारा) घ्या, दर दोन तासांनी तिन्ही पाण्यांचे आकडे लिहा, आणि कोणत्या आकड्याला डाग दिसायला लागतात ते महिनाभर बघा. तो तुमचा मर्यादेचा आकडा. मग कंट्रोलर आणि विजेवर उघडझाप होणारा सोलेनॉइड वाल्व्ह लावला की पाणी गरजेपुरतंच उघडतं. कंट्रोलरचा पाण्यात बुडलेला प्रोब आठवड्याला पुसावा लागतो. त्यावर फॉस्फेट बसलं की तो कमी आकडा दाखवतो, वाल्व्ह बंद राहतो, आणि दोन दिवसांनी रिजेक्शन आलं की माणसं वाल्व्हला बायपास मारून मोकळी होतात.

आणि फुकटातली गोष्ट: निथळणं. बास्केट टाकीवर २०-३० सेकंद धरून ठेवा, थोडी तिरकी. पेटीसारख्या जॉबला खालच्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरचं भोक आहे का ते बघा, नसेल तर कंपनीच्या डिझाइनवाल्यांना पत्र टाका. फॉर्म पाठवणाऱ्या कंपनीला हे सांगायचा हक्क आता तुम्हाला आहे. फक्त डीरस्टिंगवरून आणि फॉस्फेटिंगवरून फार वेळ धरू नका, मे महिन्यात जॉब वाळतो आणि पिवळा गंज धरतो.

गंजावरून आठवलं. तुमच्याकडे येणाऱ्या मालाला ॲसिड का लागतं? बऱ्याचदा पत्रा चांगलाच असतो, पण फॅब्रिकेटरच्या अंगणात जून ते सप्टेंबर उघड्यावर पडून गंजतो. आवक माल ताडपत्रीखाली किंवा शेडमध्ये, जमिनीपासून वर ठेवण्याची अट घाला आणि न गंजलेल्या मालाला डीरस्टिंग वगळा. वगळलं तर त्या बॅचचं ॲसिड, त्याचा धूर आणि त्याचं सांडपाणी तिन्ही वाचतं.

आता ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्था. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण फॉस्फेटिंगची लाइन आहे म्हणजे एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात तो असणार. वापरलेलं पाणी एका टाकीत गोळा करा, चुन्याने पीएच नऊ ते साडेनऊवर आणा, जस्त, लोह आणि फॉस्फेट साका होऊन खाली बसतात. मग पॉलिइलेक्ट्रोलाइटचं (गाळाचे कण एकत्र बांधणाऱ्या रसायनाचं) ०.१ टक्का द्रावण हळू ढवळत घाला, बसू द्या, वरचं पाणी वाळू आणि कार्बनच्या फिल्टरमधून काढा, आणि पीएच परत खाली आणून मगच सोडा. संमतीपत्रातली मर्यादा हाच तुमचा नियम. सर्वसाधारण मानकात जमिनीवरच्या पाण्यात सोडताना पीएच ५.५ ते ९ आणि जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत असतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, चुना जास्त होतो. पीएच अकराच्या वर गेला की बसलेलं जस्त परत विरघळतं आणि पाणी स्वच्छ दिसूनही रिपोर्ट नापास येतो. दोन, महिन्याअखेरीस डीग्रीझिंगची अख्खी जुनी टाकी एका दिवसात ईटीपीत सोडतात. त्यातला साबण आणि तेल साका बसूच देत नाहीत. जुनी टाकी बाजूच्या ड्रममध्ये काढा, आधी वर आलेलं तेल काढून घ्या आणि उरलेलं रोज थोडं-थोडं मिसळा. तीन, पॉलिइलेक्ट्रोलाइट आठवड्याचं एकदम कालवून ठेवतात. ते शिळं होऊन काम करत नाही, रोज ताजं करा.

खाली बसलेला गाळ घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांत फॉस्फेटचा गाळ अनुसूची १ मध्ये १२.५ क्रमांकावर आहे, ईटीपीचा गाळ ३५.३ वर, केमिकलचे रिकामे ड्रम ३३.१ वर. नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, फॉर्म ३ मध्ये नोंद, फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (गाळ नेताना सोबत द्यायचा कागद), दरवर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४. पैसे वजनावर जातात, म्हणून ओला गाळ पाठवू नका. फिल्टर प्रेस किंवा वर पत्रा असलेली वाळवण्याची जागा हवी. उघड्यावरच्या वाफ्यात नाशिकच्या पावसात गाळ परत पाणी पितो आणि वाहूनही जातो. रिकामे ड्रम भंगारवाल्याला देऊ नका, पाणी साठवायला कुणी घरी मागितले तर मुळीच नको.

नासर्डीचा खरा धोका मला ईटीपीच्या पाइपापेक्षा तुमच्या अंगणात दिसतो. उघड्यावर ठेवलेले ॲसिडचे कॅरबॉय (मोठे कॅन), फरशीवरून ओघळणारं पाणी, गेटपाशी धुतलेल्या बास्केटा, हे सगळं पहिल्या पावसात पावसाळी गटारात जातं, आणि ते गटार ईटीपीत येत नाही, सरळ नाल्याला लागतं. टाक्यांच्या रांगेभोवती सहा इंचांचा बांध घाला आणि आतला उतार ईटीपीच्या खड्ड्याकडे द्या. ड्रम छताखाली, ट्रेमध्ये. पावसाळी गटाराच्या तोंडाशी पहिल्या पावसात पीएचची पट्टी बुडवून बघा. सात-आठच्या आसपास नसेल तर गळती कुठून येते ते उलट दिशेने शोधत जा. हा बांध तुमच्या चार लाखांतला पहिला खर्च व्हावा असं मला वाटतं.

ओव्हनमध्ये महिन्याला ११४० किलो गॅस जळतो. त्यातला बराचसा जॉबला लागतच नाही. रिकाम्या ट्रॉलीचं वजन करा. दोनशे किलोची लोखंडी ट्रॉली तीस अंशांवरून दोनशेवर न्यायला, ओव्हनची कार्यक्षमता निम्मी धरली तर, पाऊण किलोच्या आसपास गॅस लागतो. दिवसाला बारा बॅच असतील आणि ट्रॉली दर वेळी गार होऊन आत जात असेल, तर महिन्याला अकरा-बारा सिलिंडर फक्त ट्रॉली तापवण्यात जातात. अँगलच्या जागी पातळ चौकोनी पाइप वापरून ती १२० किलोवर आणली की साडेचार सिलिंडर वाचले.

मग तापमान. बहुतेक पावडरींना जॉबच्या धातूचं तापमान १८० अंश होऊन दहा मिनिटं लागतात. ओव्हन २१०-२२० वर ठेवलेला असतो, कारण कधीतरी जाड जॉब कच्चा राहिला होता. प्रोफाइल घ्या, म्हणजे जॉब किती वेळ किती तापतो त्याची नोंद. पावडरवाल्याकडे बहुधा डेटालॉगर असतो, तो मोठ्या ग्राहकाला करून देतो. ओव्हनच्या वरच्या, खालच्या आणि दाराजवळच्या जॉबना प्रोब लावायचे. दोन मिलिमीटर पत्रा आणि आठ मिलिमीटर प्लेट एकाच ट्रॉलीत टाकू नका, एक जळतो आणि दुसरी कच्ची राहते. दाराची फट बंद करणारी दोरी बघा. भिंतीचं तापमान इन्फ्रारेड गनने घ्याल तेव्हा चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा, नाहीतर गन फार कमी आकडा दाखवेल आणि इन्सुलेशन उत्तम आहे असा गैरसमज होईल. शेडच्या हवेपेक्षा भिंत वीस अंशांहून जास्त गरम असेल तिथे आतली उष्णता अडवणारी रॉकवूल खाली सरकली आहे. ओव्हनची चिमणी मात्र गॅस वाचवायला बंद करू नका. गॅसवरच्या ओव्हनमध्ये ती सुरक्षिततेसाठी लागते, तिच्यातली झडप, म्हणजे डॅम्पर, बर्नरवाल्याकडूनच सेट करून घ्या.

पावडरबद्दल तुमच्याच आकड्यांतून एक गोष्ट दिसते. घनता १.५ असलेली एक किलो पावडर ६० मायक्रॉन जाडीच्या थराला ११ चौरस मीटर जाते, ७५ ला जवळपास ९, आणि ९० ला ७.४. तुमच्या ९०० किलोत ६,०४० चौरस मीटर झालेत. दहा टक्के वाया धरले तर सरासरी जाडी ९० निघते. ग्राहकाने बहुधा ६० ते ८० मागितलेली असते. सरासरी ७५ वर आणली तर महिन्याला १४०-१४५ किलो पावडर वाचते. किलोला सव्वादोनशे रुपये धरले तरी बत्तीस हजार. शिवाय जी पावडर बनलीच नाही तिचा कार्बनही वाचला.

जाडी वाढते ती कोपऱ्यांपायी. आतल्या कोपऱ्यात पावडर शिरत नाही म्हणून माणूस सगळीकडेच जास्त मारतो. कोपऱ्यांसाठी गनचा व्होल्टेज ८०-९० केव्हीवरून ४०-६० वर आणा, पावडरचा झोत कमी करा आणि कोपरे आधी मारा. थराची जाडी मोजणाऱ्या डीएफटी मीटरने दर तासाला एका जॉबचे पाच बिंदू मोजून बूथवरच लिहू द्या.

आणि अर्थिंग. हुकांवर थरावर थर चढून ते काळ्या मेणबत्तीएवढे जाड होतात, मग जॉबला नीट अर्थ मिळत नाही, पावडर उडून खाली पडते. ५०० व्होल्टच्या मेगरने (रेझिस्टन्स मोजायच्या मीटरने) जॉब आणि अर्थ यांच्यातला रेझिस्टन्स मोजा, एक मेगाओहमच्या आत हवा. हुक साफ करायला अनेक ठिकाणी मागच्या बाजूला जाळ करून ते त्यात टाकतात. हे तुमच्याकडे होत असेल तर फॉर्म भरण्याआधी थांबवा. त्या धुराला कुठल्याही आकड्याने झाकता येणार नाही, आणि तो सगळ्यात आधी तुमचीच माणसं घेतात. हुक शॉट ब्लास्टला द्या किंवा धूर जाळून टाकणारा आफ्टरबर्नर असलेल्या बर्न-ऑफ ओव्हनवाल्याकडे पाठवा. छोट्या जॉबना एकदा वापरून भंगारात जाणारी तार परवडते. सगळा हुक नाही, जॉबला टेकणारं टोक स्वच्छ असलं तरी पुरतं. तेवढं रोज खरवडता येतं.

बूथमधली जमा झालेली पावडर चाळून, ताज्या ७० भागांना ३० भाग या प्रमाणात परत वापरा. रंग मिसळलेली पावडर वेगळ्या पिशवीत ठेवून आतल्या, न दिसणाऱ्या जॉबसाठी ग्राहकाच्या लेखी परवानगीने घ्या.

हे सगळं चार-सहा महिन्यांत झालं की परत सोलरवाल्याला बोलवा. तेव्हा बिलातल्या दिवसाच्या युनिटांवरून संच ठरवा. छपरावर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यावर चढूसुद्धा देऊ नका, आधी पत्रे बदलायचा खर्च कोटेशनमध्ये धरा. पर्लिन (छपराचे आडवे आधार) किती वजन घेतात हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. आणि डीरस्टिंगच्या एक्झॉस्टचं तोंड पॅनेलकडे नसावं. ॲसिडच्या वाफेने क्लँप आणि स्ट्रक्चर वेळेआधी गंजतात, बूथची पावडर काचेवर बसते. सोलरवाले हे सहसा विचारत नाहीत, कारण ते पाहणीला येतात तेव्हा लाइन बंद असते.

फॉस्फेटिंगऐवजी झिरकोनियमवरच्या नॅनो कोटिंगचा प्रस्तावही कुणीतरी आणेलच. चांगला आहे. बहुधा टाकी तापवावी लागत नाही, गाळ जवळपास संपतो, फॉस्फेट संपतं. पण त्याला आधीचं पाणी आरओ किंवा डीआयच्या (क्षार काढलेल्या) दर्जाचं लागतं, टाकी पॉलिप्रॉपिलीनची किंवा स्टेनलेसची लागते, आणि तेल जरा राहिलं तरी ते माफ करत नाही. म्हणून आधी वरची धुण्याची व्यवस्था नीट करा. मग नमुन्याचे पत्रे बनवून सॉल्ट स्प्रे (मिठाच्या फवाऱ्याने गंज तपासणाऱ्या) चाचणीला पाठवा आणि ग्राहकाची लेखी मंजुरी आल्याशिवाय टाकी रिकामी करू नका. पॅसिव्हेशनमध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोम (क्रोमियमचा अतिशय विषारी प्रकार) असेल तर मात्र वाट न बघता क्रोम-फ्री मागवा. केमिकलच्या डब्याची सेफ्टी डेटा शीट बघितली की कळतं.

फॉर्ममध्ये आज काय लिहायचं? गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून वीज, गॅस, डिझेल, पाणी, पावडर आणि पाठवलेल्या गाळाचं वजन भरा, आणि शेजारी चौरस मीटरमागचा आकडा द्या. पाण्याला मीटर नसेल तर 'अंदाजे' असं लिहा आणि मीटर बसवण्याची तारीख द्या. गाळाच्या रकान्यात शून्य भरू नका. फॉस्फेटिंगच्या लाइनला गाळ नसतोच असं कुठलाही ऑडिटर मानणार नाही, आणि मॅनिफेस्टशी तो आकडा पडताळता येतो. 'नेट झिरो'ची तारीख मागितली असेल तर तो रकाना सोडा आणि त्याऐवजी यंदाचं एक उद्दिष्ट लिहा: चौरस मीटरमागे पाणी ५० वरून २० लिटरवर.

सर्टिफिकेट हवंच असेल तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) योजनेतलं ब्राँझ घ्या. फीमध्ये सूक्ष्म उद्योगाला ८० आणि लघुउद्योगाला ६० टक्के सवलत आहे, महिलांच्या मालकीच्या उद्योगांना त्याहून जास्त. युनिट अजून वडिलांच्या नावावर असेल तर उद्यम नोंदणी तुमच्या नावाची झाल्यावरच अर्ज करा. आणि टाकी वाढवली, केमिकल बदललं किंवा गॅसऐवजी दुसरं इंधन आणलं, तर एमपीसीबीच्या संमतीपत्रात दुरुस्ती लागते का ते कामाआधी विचारा, कामानंतर नको.